रिटचिंगचा इतिहास आणि आमचे चेहरे

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे सर्रास म्हटले जाते. असे म्हणणाऱ्याने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधील कोणत्याही फोटो स्टुडिओत अर्धा तास बसून पाहावे. रेशनकार्डातून सोडवून आणलेला, पिनेची भोके पडलेला चेहरा घेऊन माणसे येतात. लग्नाच्या घोळक्यातल्या एका म्हाताऱ्यावर बोट ठेवून सांगतात, एवढा बाजूला काढा. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा कोट घालून, टाय लावून, मागे निळसर पडदा घेऊन चौकटीत बसलेला असतो. ज्याने हयातीत सदऱ्याचे वरचे बटण कधी लावले नाही, त्याच्या गळ्याशी टायची गाठ असते. घरचे लोक तसबीर हातात घेतात, डोळ्यांना पदर लावतात आणि म्हणतात, अगदी हुबेहूब.

मी स्वतः या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. माझे आजोबा (घरात आम्ही त्यांना आजा म्हणतो) १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून अंबरनाथला आले आणि एका कारखान्यात हमाल म्हणून लागले. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे. कारखान्याच्या पासावरचा, १९७४ सालचा. फोटोच्या कोपऱ्यावर गोल शिक्का मारलेला आहे आणि त्या शिक्क्याची अर्धी कमान आज्याच्या उजव्या गालावरून गेली आहे. आई म्हणाली, "मामाचा फोटो मोठा करून आण. पण गालावरचा तो शिक्का काढून टाक म्हणावं."

स्टुडिओ एका सिंधी गृहस्थांचा. संगणकावर बसणारा मुलगा मात्र आमच्याच वस्तीतला, बारावीनंतर शिक्षण सुटलेला. त्याने फोटो स्कॅन केला आणि पडद्यावर इतका मोठा केला की आज्याचा गाल नांगरलेल्या शेतासारखा दिसू लागला. मग कळफलकावरची ऑल्ट ही कळ दाबून त्याने डाव्या गालावर एक टिचकी मारली आणि उजव्या गालावर ब्रश फिरवू लागला. "सर, डावीकडची चामडी घेतो, उजवीकडे बसवतो. लांबची घेतली की डाग दिसतो. जवळचीच घ्यायची." अर्ध्या तासात शिक्का नाहीसा झाला. त्यानंतर मी काही न सांगता त्याने सबंध चेहरा दोन छटा उजळ केला. मी विचारले, हे कशाला? तो म्हणाला, "सगळेच सांगतात सर, म्हणून आधीच करून ठेवतो." आणि लगेच, "कोट कोणता देऊ? निळा देऊ का?"

तीन गोष्टी झाल्या. शिक्का गेला, रंग गेला आणि कोट आला. या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रावर, एकाच तासात, एकाच हाताने झाल्या, म्हणून त्या एकाच प्रकारच्या आहेत असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. परंतु ते सांगण्यापूर्वी हा हात कुठून आला, हे पाहणे भाग आहे.

त्या मुलाने जे वापरले त्याला क्लोन स्टॅम्प म्हणतात. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांनी लिहिलेली फोटोशॉप ही प्रणाली अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणली. तिच्या पहिल्याच आवृत्तीत हे हत्यार होते. तेव्हा त्याचे नाव रबर स्टॅम्प, म्हणजे रबरी शिक्का. कारखान्याच्या शिक्क्याने गालावर जे केले ते या शिक्क्याने पुसले, असा हा योग आहे. त्याचे काम साधे. चित्रातला एक भाग उचलायचा आणि जसाच्या तसा दुसऱ्या भागावर बसवायचा. २००२ सालच्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला. तो पोत एका ठिकाणचा घेतो, पण रंग आणि उजेड जिथे बसवायचा तिथल्याशी जुळवून घेतो, त्यामुळे जोड दिसत नाही. २०१० पासून यंत्र स्वतःच आजूबाजूला पाहून भोक बुजवू लागले. आणि २०२३ पासून तर चित्रात जे कधीच नव्हते तेही, शब्दांत मागणी केली की यंत्र रंगवून देते. पहिल्या तीन पायऱ्यांवर निदान साहित्य त्याच माणसाच्या चेहऱ्यातले होते. चौथ्या पायरीवर ते लाखो परक्या चित्रांच्या साठ्यातून येते, आणि त्या साठ्यात आमच्या आज्यासारखे चेहरे किती असतील, हे विचारायला कोणी थांबत नाही.

मात्र संगणकाने ही विद्या जन्माला घातली, असे मानणे हे इतिहासाचे अज्ञान होय. म्युनिकचा छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात हात फिरवलेल्या निगेटिव्हचे नमुने मांडले, तेव्हापासून रिटचिंग हा धंद्याचा भाग झाला. संगणक येईपर्यंत आपल्याकडील प्रत्येक बऱ्या स्टुडिओत उतरत्या फळीचे एक मेज असे. फळीत काचेची खिडकी, तिच्याखाली उजेड, तिच्यावर निगेटिव्ह. निगेटिव्हवर आधी एक चिकट द्रव चोळायचा, म्हणजे शिसे धरते. मग कठीण शिसाच्या, सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे भरून काढायची. उलटे करायचे असेल तर चाकूच्या टोकाने खरवडायचे. छापलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने शाईत बुडवून बुजवायचे.

येथे एका तांत्रिक गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण छायाचित्रणाच्या चर्चेत ती क्वचितच बोलली जाते. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. गोरा चेहरा तिथे दाट आणि काळा दिसतो. काळा चेहरा पातळ, जवळजवळ पारदर्शक दिसतो. पेन्सिलीने शिसे चढवले की तो भाग दाट होतो, त्यातून उजेड कमी जातो आणि छापलेल्या फोटोत तो भाग उजळ येतो. म्हणजे पेन्सिल फक्त उजळ करू शकते. गडद करायचे तर चाकू लागतो, आणि चाकू हे नाजूक काम. हात जरा चुकला की काच वाया. तेव्हा रोजच्या धंद्याचे हत्यार पेन्सिल हेच राहिले. चेहरा 'सुधारणे' आणि चेहरा गोरा करणे या दोन क्रिया दीडशे वर्षे एकाच पेन्सिलीच्या टोकाने होत राहिल्या. आमच्या स्टुडिओतला मुलगा न विचारता चेहरा उजळतो तो काही दुष्ट नाही. त्याच्या हाताला ती सवय वारशाने मिळाली आहे.

आणि मुळात कॅमेराही निःपक्षपाती नव्हता. जुन्या काचांवरचे रसायन निळ्या प्रकाशाला जागे आणि लाल-तपकिरी प्रकाशाला जवळजवळ आंधळे होते. त्यामुळे उन्हात रापलेली कातडी होती त्याहून अधिक काळी उमटे. आधी रसायनाने माणसाला काळे करायचे आणि मग पेन्सिलीने गोरे करायचे. या दोहोंच्या मध्ये त्याचा खरा रंग कुठेच नोंदला गेला नाही. पुढे रंगीत फोटो आले तेव्हा तरी हे संपले का? कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवून पाहण्यासाठी एक नमुना-कार्ड पाठवत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, आणि कार्डाचे नावही तशाच एका बाईवरून पडलेले: शर्ली. शर्लीची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर. फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारल्या त्यामागे काळ्या माणसांच्या तक्रारीपेक्षा चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी सामानवाल्यांच्या तक्रारींचा वाटा मोठा होता, असे लॉर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासक बाईंनी दाखवून दिले आहे. चॉकलेटच्या दोन रंगांत फरक दिसत नाही, टेबलाच्या लाकडाची जात ओळखू येत नाही, अशी ती गाऱ्हाणी होती. लाकडाला जात असते आणि ती दिसावी लागते. माणसाच्या बाबतीत उलट, जात दिसतेच, माणूस दिसत नाही.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातूनच हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा एतद्देशीय छायाचित्रकार तयार झाला. हा प्रबोधनाचा काळ म्हणून आपल्याला शिकवला जातो. याच काळात मुंबई सरकारच्या नोकरीतून या धंद्यात आलेल्या विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने मुंबईतल्या जाती-जमातींच्या छायाचित्रांचे दोन मोठे खंड लंडनमध्ये प्रसिद्ध केले, पहिला १८६३ साली आणि दुसरा १८६६ साली. या खंडांतील माणसे ज्या पार्श्वभूमीवर उभी दिसतात तिथे ती कधी उभीच नव्हती. माणसांचे फोटो एकीकडे काढले, रस्त्यांचे, देवळांचे, तळ्यांचे फोटो दुसरीकडे काढले, माणसे कापून दुसऱ्यावर चिकटवली आणि दोन्ही मिळून पुन्हा छापले. पायांशी नीट पाहिले की सावली जुळत नाही. ज्याला आज आपण कट-पेस्ट म्हणतो ते या मुंबईत फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षे आधी झाले होते, आणि ते झाले जातींचा संग्रह करण्यासाठी!

त्यानंतर वॉटसन आणि के यांनी संपादिलेले 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. तिथेही बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे नाव आहे. म्हणजे छायाचित्रात आमचा प्रवेश व्यक्ती म्हणून झाला नाही, नमुना म्हणून झाला. राजे-रजवाडे आणि शेठ-सावकार स्टुडिओत पैसे देऊन, खुर्चीवर बसून, पेन्सिलीने उजळून घेत होते. बाकीचे उभे करून टिपले जात होते. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराची १८६८ साली मुंबई सरकारने रेखाटने, साचे आणि छायाचित्रे करवून घेतली. इ. स. १०६० च्या त्या दगडांना १८६८ मध्ये फोटो मिळाला. आज्याला मिळाला १९७४ मध्ये, तोही शिक्क्यासह. १०६ वर्षांचे हे अंतर कोणत्या खात्यात मांडायचे?

स्टुडिओचे मालक या गोष्टी ऐकत बसले होते. त्यांचे वडील फाळणीनंतर सिंधमधून आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासितांना आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्प एक ते पाच ही नावे त्या लष्करी छावणीचीच खूण. मालकांकडे सिंधमधल्या घराचा एकही फोटो नाही. त्यांच्या आईने वर्णन केले त्यावरून वडिलांनी एका पडद्यावर ते घर रंगवून घेतले होते आणि कितीतरी वर्षे गिऱ्हाइके त्या पडद्यापुढे बसून फोटो काढीत. आपले नसलेले घर मागे घेऊन! मला त्या गृहस्थांबद्दल त्या क्षणी आपलेपणा वाटला, हे मी नाकारत नाही.

पण इतिहास शिकवणाऱ्याला दुसरीही बाजू ठाऊक असते. सिंधमधून सगळेच येऊ शकले नाहीत. मैला वाहणारे आणि झाडू मारणारे अस्पृश्य निघून गेले तर कराचीची सफाई कोण करणार, म्हणून त्यांची सेवा 'अत्यावश्यक' ठरवून त्यांना अडवून ठेवले गेले. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून याविषयी सरकारला जाब विचारला होता. उल्हासनगरच्या निर्वासितांची जी जुनी सामूहिक छायाचित्रे प्रसिद्ध होतात ती पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. त्यांतून कोणाला ब्रशने खोडलेले नाही. जे बोटीत चढूच शकले नाहीत त्यांना खोडायला ब्रश कशाला लागतो?

खोडण्याच्या राजकारणाचे नाव निघाले की आपले विचारवंत लगेच रशियाकडे बोट दाखवतात. ते खोटे नाही. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी चालणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव १९४० मध्ये गोळी घालून मारला गेला आणि त्यानंतरच्या फोटोत त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले. पाणी शेजारचेच होते. क्लोन करणारा नेहमी जवळचेच घेतो. परंतु रशियाकडे बोट दाखवताना उरलेली तीन बोटे कुठे वळतात?

आमच्या वस्तीतल्या एका घरात धम्मदीक्षेची तसबीर आहे. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. मूळ छायाचित्रांत बाबासाहेबांच्या शेजारी माईसाहेब उभ्या आहेत. महास्थविर चंद्रमणींकडून दोघांनी बरोबरच दीक्षा घेतली. या तसबिरीत माईसाहेब नाहीत. त्यांच्या जागी पडदा पुढे ओढल्यासारखा पसरला आहे आणि कडेला साडीच्या काठाचा एक पांढुरका तुकडा चुकून राहिला आहे. घरमालक जुने, प्रामाणिक कार्यकर्ते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "बाजारात अशीच मिळाली." कोणी खोडले, कधी खोडले, कोणाच्या सांगण्यावरून खोडले, याची नोंद नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांवर संशय घेतला गेला, त्यांना चळवळीपासून दूर ठेवले गेले, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे म्हणणे पुस्तकरूपाने यायला १९९० साल उजाडावे लागले. त्यांच्याविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. ते लिहावे, भांडावे. पण छायाचित्रातून माणूस काढणे ही आमची रीत नव्हे. ज्यांना तीन हजार वर्षे चौकटीबाहेर ठेवले त्यांनी चौकट हातात येताच पहिले काम हे करावे?

याच्या उलट कामही आपल्याच भागात झाले आहे, तेही सांगितले पाहिजे. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांची दुर्मीळ छायाचित्रे वर्षानुवर्षे शोधून, जमवून, ती कुठली आणि कधीची हे पाहून ठेवले. महाराष्ट्र शासनाच्या समितीने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या मालेतला बाविसावा खंड छायाचित्रांचा काढला. राजगृहातले १९३४ चे ते कौटुंबिक छायाचित्र घ्या: यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंद आणि पायाशी टॉबी कुत्रा. आज घरोघरी रमाईंची जी एकट्याची तसबीर दिसते तिच्यातला चेहरा पुष्कळदा अशाच समूहचित्रातून उचललेला असतो, उजळून, गुळगुळीत करून. मूळ छायाचित्रातली रमाई थकलेली आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, ती गेली. त्या थकव्यावर रंग चढवणे म्हणजे तिने काढलेल्या दिवसांवर रंग चढवणे होय. मला ती थकलेलीच हवी आहे.

मग कोटाचे काय? येथे माझे मत माझ्याच काही मित्रांना पटणार नाही. ते म्हणतात, उघड्या अंगाने पोती वाहिलेल्या माणसाला कोट चढवणे हा ढोंगीपणा, मध्यमवर्गीय लाज. मला ते तितके सोपे वाटत नाही. १९३१ च्या गोलमेज परिषदेत गांधीजी पंचा नेसून गेले आणि बाबासाहेब सुटाबुटात. ज्याला कपडे टाकून देता येतात त्याच्या पंचाला त्याग म्हणतात. ज्याच्या अंगावर कपडे चढूच दिले नाहीत त्याच्या कोटाला हक्क म्हणावे लागते. आज्याला चढवलेला निळा कोट हा आज्याविषयीचा पुरावा नाही. तो आमचा, मागे राहिलेल्यांचा, दावा आहे. तो कोणाला फसवत नाही. फोटो पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की हा कोट स्टुडिओतला. गोरेपणाचे तसे नाही. तो दावा नसून शरणागती आहे, आणि ती दिसू नये अशा बेताने केलेली असते. शिक्क्याविषयी मात्र माझे मन दोन्हीकडे ओढते. तो अपमान होता हे खरे. पण आज्या या गावात आला, राबला, त्याची कोणीतरी नोंद केली, याचा तेवढाच एक कागद आहे.

मी त्या मुलाला रंग पूर्ववत करायला सांगितले. त्याला आश्चर्य वाटले. "सर, काळे दिसतील." मी म्हटले, काळेच होते. त्याने पडद्याच्या कडेला असलेल्या यादीत एका ओळीपुढचे डोळ्याचे चिन्ह दाबले आणि चेहरा पुन्हा आज्याचा झाला. मग त्याने दुसऱ्या ओळीपुढचा डोळाही दाबून दाखवला. शिक्का परत गालावर आला. "मी मूळ फोटोवर हात चालवत नाही सर. खोडलेले सगळे वेगळ्या लेयरवर असते. डोळा बंद केला की खाडाखोड जाते." हे त्याला कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते, एकदा एका म्हातारीने जुनाच फोटो परत मागितला तेव्हापासून तो असे करतो. आमच्या कित्येक इतिहासकारांपेक्षा या पोराची शिस्त चांगली, असे मला वाटून गेले.

दोन प्रती काढल्या. एक आईसाठी, सावळी, कोट घातलेली, शिक्का नसलेली. दुसरी जशीच्या तशी, शिक्क्यासह. दुसरीच्या मागे मी तारीख घातली, पासाचे साल घातले आणि पहिल्या प्रतीत काय काय काढले आणि काय घातले ते चार ओळींत लिहिले. आईने कोटाची तसबीर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "मामाच्या कपाळावर खोक होती ना रे, पोतं पडलं होतं तेव्हाची. ती कुठं गेली?" मी पासाचा फोटो काढून भिंग धरले. शिक्क्याची कमान कानाकडून वर गेली होती तिथेच, शाईखाली, एक बारीक रेघ होती. पोराने ती शाई समजून पुसली होती.

मी उद्या पुन्हा कॅम्प पाचला जाणार आहे.